स्टेशनापासून लांब की स्टेशनापेक्षा लांब? इटालियनमधल्या अंतराच्या आणि दिशांच्या शंका

शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला म्हणून इटलीला निघालेल्या इंदूरच्या वाचकांची पत्रं अलीकडे वाढली आहेत. त्यातली अंतर, तुलना आणि रस्ता विचारणं या विषयांवरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. त्यातले त आणि द नेहमी दंत्य, म्हणजे 'ताट' आणि 'दार' मधले. जोडाक्षर दिसलं की ते ठासून उच्चारायचं, कारण 'देल्ला' मधला एक ल गिळला तर ऐकणारा गोंधळतो.

प्रश्न : सप्टेंबरपासून मिलानोत शिकायला जाणार आहे. ऑनलाइन वर्गात 'माझी खोली स्टेशनापेक्षा लांब आहे' या वाक्यासाठी मी 'ला मीआ कामेरा ए प्यू लोन्ताना दाल्ला स्तात्सिओने' असं लिहिलं. शिक्षिकेने 'दाल्ला' खोडून 'देल्ला' केलं. एका मात्रेने एवढं काय बिघडतं? (सुदामा नगर)

वाक्याचा अर्थच बदलतो. इटालियनमध्ये अंतराची तुलना करताना दोन वेगळे प्रश्न असतात. अंतर कुठून मोजायचं, हा पहिला. तुलना कशाशी करायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'दा' देतो, म्हणजे आपलं 'पासून'. दुसऱ्याचं उत्तर 'प्यू' (जास्त) किंवा 'मेनो' (कमी) नंतर येणारा 'दी' देतो, म्हणजे आपलं 'पेक्षा'. 'ला' हे उपपद (इंग्रजीतल्या 'the' सारखं) जोडलं की 'दा'चा 'दाल्ला' आणि 'दी'चा 'देल्ला' होतो.

'प्यू लोन्ताना देल्ला स्तात्सिओने' म्हणजे स्टेशनापेक्षा लांब. तुम्ही उभे आहात तिथून आधी स्टेशन लागेल, खोली त्याच्याही पुढे. 'प्यू लोन्ताना दाल्ला स्तात्सिओने' म्हणजे स्टेशनापासून जास्त लांब. इथे स्टेशन हे मोजण्याचं ठिकाण झालं आणि तुलना दुसऱ्याच कुठल्या खोलीशी आहे, जिचा उल्लेख आधी होऊन गेला असेल. घरमालक दोन खोल्या दाखवताना दुसरीबद्दल 'मेनो कारा, मा प्यू लोन्ताना दाल्ला स्तात्सिओने' म्हणाला, तर ती स्वस्त आहे पण पहिल्या खोलीपेक्षा स्टेशनापासून लांब पडेल, असं तो सांगतोय.

ही चूक इंदूरच्या विद्यार्थ्यांकडून इतकी का होते, त्याचं कारण आपल्या बोलण्यात आहे. घरात मराठी असली तरी रस्त्यावर, वर्गात, दुकानात हिंदी चालते. हिंदीतला एकच 'से' दोन्ही कामं करतो : 'स्टेशन से दूर' मध्ये तो पासून असतो, 'स्टेशन से ज़्यादा दूर' मध्ये तो पासूनही असू शकतो आणि पेक्षाही. ज्याच्या डोक्यात वाक्य हिंदीत तयार होतं, त्याला इटालियनमध्ये दोन शब्द का हवेत तेच कळत नाही. वाक्य मराठीत जुळवा आणि 'पासून' की 'पेक्षा' हे आधी ठरवा. फक्त 'हून' टाळा, कारण तोही दोन्हीकडे चालतो. 'देवासहून उज्जैन लांब' याचे दोन अर्थ होतात.

गावांच्या नावांना सहसा उपपद लागत नाही, त्यामुळे तिथे नुसते 'दी' आणि 'दा' उरतात आणि फरक आणखी बारीक होतो. 'दा इंदोर, उज्जैन ए प्यू लोन्ताना दी देवास' म्हणजे इंदूरपासून उज्जैन देवासपेक्षा लांब आहे. हे खरं आहे : उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर, देवास ३५च्या आसपास. 'दी देवास' ऐवजी 'दा देवास' म्हटलं तर वाक्य लंगडं होतं, कारण अंतर दोन ठिकाणांहून मोजल्यासारखं होतं आणि तुलना उरतच नाही. लाक्विला आणि ला स्पेत्सिआ अशा थोड्या शहरांच्या नावातच उपपद असतं. तिथे 'देल्लाक्विला', 'दाल्लाक्विला' असा जोड होतो.

उपपदाशी होणारे जोड पाठच करावे लागतात. 'दी' पासून देल, देल्लो, देल्ला, देल्ल, देई, देल्यी, देल्ले. 'दा' पासून दाल, दाल्लो, दाल्ला, दाल्ल, दाई, दाल्यी, दाल्ले. दोन्ही ओळी समोरासमोर लिहून मोठ्याने म्हणा, म्हणजे ए आणि आ यातला फरक तोंडात बसेल.

दोन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या तर आणखी एक अडचण उभी राहते. 'दी' चा अर्थ 'पेक्षा' होतो तसाच 'चा-ची-चे' असाही होतो. 'ला पेन्सिओने ए प्यू लोन्ताना दाल्ला स्तात्सिओने देल्ल-ओस्तेल्लो' यात शेवटचे दोन शब्द 'हॉस्टेलचं स्टेशन' असे ऐकू येतात. म्हणून 'पासून'चा तुकडा सरळ पुढे आणा : 'दाल्ला स्तात्सिओने, ला पेन्सिओने ए प्यू लोन्ताना देल्ल-ओस्तेल्लो.' मराठीतही आपण 'स्टेशनापासून लॉज हॉस्टेलपेक्षा लांब आहे' असंच म्हणतो, तेव्हा हा क्रम जड जाणार नाही.

माणसांच्या बाबतीतही हाच नियम. 'आबीतो प्यू लोन्तानो दी ते' म्हणजे मी तुझ्यापेक्षा लांब राहतो, 'आबीतो प्यू लोन्तानो दा ते' म्हणजे मी (आता) तुझ्यापासून जास्त लांब राहतो.

प्रश्न : मग 'जवळ' साठी 'दा' का चालत नाही? 'व्हिचीनो दाल्ला स्तात्सिओने' चूक आहे असं अ‍ॅप सांगतं. (तिलक नगर)

'व्हिचीनो'ला 'आ' लागतो : 'व्हिचीनो आल्ला स्तात्सिओने'. 'स्टेशनाच्या जवळ' मधल्या 'च्या' मुळे काही जण 'व्हिचीनो देल्ला' करतात, तेही चूक. 'प्यू व्हिचीना आल्ला स्तात्सिओने' म्हणजे स्टेशनाला जास्त जवळ आणि 'प्यू व्हिचीना देल्ला स्तात्सिओने' म्हणजे स्टेशनापेक्षा जवळ. लांबला 'दा', जवळला 'आ', पेक्षाला 'दी'. एवढे तीन शब्द पक्के झाले की निम्मं काम झालं.

प्रश्न : 'पेक्षा' साठी कुठे 'दी' आणि कुठे 'के' वापरायचा? पुस्तकात पाच नियम आहेत, बोलताना एकही आठवत नाही. (साउथ तुकोगंज)

बोलताना एकच कसोटी लावा. तुलनेतली दुसरी बाजू नुसतं नाम, सर्वनाम किंवा आकडा असेल तर 'दी'. दुसऱ्या बाजूच्या आधी आधीच एखादा शब्दयोगी असेल ('आ', 'दा', 'इन', 'पेर' वगैरे), ती बाजू क्रियापद किंवा विशेषण असेल, किंवा दोन नामांच्या संख्येची तुलना असेल तर 'के'.

अंतराच्या वाक्यांत 'के'ची पहिलीच अट, शब्दयोगीची, सर्वांत जास्त अडवते, आणि इथे मराठीही आपल्याला मदत करत नाही. 'इंदूर भोपाळपेक्षा उज्जैनला जवळ आहे' हे वाक्य घ्या. यात 'उज्जैनला' मधला 'ला' दिसतो, पण भोपाळचा 'ला' पेक्षाच्या खाली लपून जातो. इटालियनमध्ये तो लपवता येत नाही : 'इंदोर ए प्यू व्हिचीना आ उज्जैन के आ भोपाल.' दोन्हीकडे 'आ', मध्ये 'के'. आपण मराठीच्या सवयीने 'प्यू व्हिचीना आ उज्जैन दी भोपाल' म्हटलं, तर व्याकरण बरोबर राहतं पण अर्थ वेगळा होतो : उज्जैनला भोपाळ जेवढं जवळ आहे त्यापेक्षा इंदूर जवळ आहे. योगायोगाने हेही खरं असल्याने ऐकणारा चूक दाखवत नाही, आणि चूक पक्की होत जाते.

क्रियापदांची जोडी : 'ए मेल्यो आन्दारे आ प्येदी के आस्पेत्तारे लाउतोबुस', बसची वाट बघण्यापेक्षा पायी जाणं बरं. वाहनांची जोडी : 'सी फा प्रीमा आ प्येदी के इन आउतोबुस', बसपेक्षा पायी लवकर पोहोचता येतं. हा 'सी फा प्रीमा' रस्त्यावर सारखा कानी पडतो. शब्दशः अर्थ लावत बसू नका, 'लवकर होतं' एवढं घ्या. दोन विशेषणांची जोडी : 'ला स्त्रादा ए प्यू लुन्गा के दिफ्फीचिले', रस्ता अवघड म्हणण्यापेक्षा लांबलचक आहे. संख्येची तुलना : 'ची सोनो प्यू आउतोबुस के त्रेनी', गाड्यांपेक्षा बस जास्त आहेत.

बरोबरी दाखवायला 'क्वान्तो' किंवा 'कोमे' : 'ला फार्माचीआ ए लोन्ताना क्वान्तो इल मेर्कातो', औषधाचं दुकान बाजाराइतकंच लांब आहे. नकारात 'नोन ए कोज़ी लोन्तानो कोमे सेम्ब्रा', दिसतं तेवढं लांब नाही.

प्रश्न : मुलीकडे मिलानोला जातोय. तिथे विमानतळ तीन आहेत म्हणे. जवळचा कोणता, लांबचा कोणता, हे इटालियनमध्ये विचारता आणि समजून घेता यावं एवढीच इच्छा आहे. (राजेंद्र नगर)

लिनाते शहराला लागून आहे, केंद्रापासून साधारण ७-८ किलोमीटर. मालपेन्सा वायव्येला ५० किलोमीटरच्या आसपास. तिसरा ओरियो आल सेरियो. त्याची जाहिरात मिलानोच्या नावाने होते, पण तो बेर्गामोजवळ आहे आणि मिलानोपासून तोही ५० किलोमीटरच्या आतबाहेर. लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय विमानं मुख्यतः मालपेन्सालाच उतरतात, त्यामुळे तुमच्या तिकिटावर बहुधा तेच नाव असेल. तिथून मालपेन्सा एक्सप्रेस गाडी शहरातल्या कादोर्ना आणि चेन्त्राले या स्टेशनांवर जाते. लिनातेला मेट्रोची चौथी मार्गिका जोडलेली आहे.

मुलीला विचारायचं वाक्य : 'क्वाले आएरोपोर्तो ए प्यू व्हिचीनो आ कासा तूआ?' तुझ्या घराला कोणता विमानतळ जास्त जवळ?

उत्तरात 'क्वेल्लो' हा शब्द येईल. 'लाएरोपोर्तो दी मालपेन्सा ए प्यू लोन्तानो दी क्वेल्लो दी लिनाते.' एकदा आलेलं नाम परत न म्हणता त्याच्या जागी 'तो' ठेवायचा, जसं आपण 'मालपेन्साचा विमानतळ लिनातेच्या विमानतळापेक्षा' न म्हणता 'लिनातेच्यापेक्षा' म्हणतो. नाम स्त्रीलिंगी असेल तर 'क्वेल्ला' : 'क्वेस्ता फेर्माता ए प्यू व्हिचीना दी क्वेल्ला', हा थांबा त्या थांब्यापेक्षा जवळ आहे. 'दी क्वेल्लो दी' मध्ये 'दी' दोनदा येतो, ते बरोबर आहे : पहिला 'पेक्षा', दुसरा 'चा'.

प्रश्न : 'सगळ्यात जवळचं औषधाचं दुकान' आणि 'पुढचा थांबा' यात मी 'प्रोस्सिमा' दोन्हीकडे वापरते. चालतं का? (अन्नपूर्णा रोड)

नाही. 'ला प्रोस्सिमा फेर्माता' म्हणजे क्रमाने पुढचा थांबा, तो कितीही लांब असो. 'ला फेर्माता प्यू व्हिचीना' म्हणजे सर्वांत जवळचा, मग तो मागे राहिलेलाही असू शकतो. बसमध्ये बसलेले असताना पहिलं, रस्त्यावर उभं असताना दुसरं. 'दोव्हे ला फार्माचीआ प्यू व्हिचीना?' हा प्रश्न पाठ करून ठेवा. 'फार्माचीआ' मध्ये जोर 'ची' वर आहे. नामाच्या आधी उपपद एकदा आलं की ते पुन्हा लावायचं नाही : 'ला स्त्रादा प्यू ब्रेव्हे' (सर्वांत जवळचा रस्ता), 'ला स्त्रादा ला प्यू ब्रेव्हे' नव्हे.

प्रश्न : वाक्यं बरोबर बोलतो, पण समोरचा भराभर रस्ता सांगू लागला की काहीच हाती लागत नाही. काय ऐकायचं? (विजय नगर)

आधी विचारण्याची रीत. 'स्कूज़ी, पेर आन्दारे आल्ला स्तात्सिओने?' एवढं पुरतं. 'मी सा दीरे दोव्हे...' (...कुठे आहे, सांगू शकाल का?) हे जास्त नम्र. अनोळखी मोठ्या माणसाला 'स्कूज़ी' म्हणायचं, बरोबरीच्या तरुणाला 'स्कूज़ा'. आपल्याकडच्या 'आपण' आणि 'तू' सारखाच हा भेद आहे आणि तो उत्तरातही टिकतो.

उत्तर साधारण असं येतं : 'व्हादा सेम्प्रे द्रीत्तो फीनो आल सेमाफोरो, पोई जीरी आ सिनीस्त्रा, प्रेन्दा ला सेकोन्दा आ देस्त्रा. ला फार्माचीआ ए उन पो प्यू आव्हान्ती, सुल्ला सिनीस्त्रा, प्रीमा देल पोन्ते.' सिग्नलपर्यंत सरळ जा, मग डावीकडे वळा, उजवीकडची दुसरी गल्ली घ्या. दुकान थोडं पुढे, डाव्या हाताला, पुलाच्या अलीकडे.

इथे सर्वांत जास्त लोक 'द्रीत्तो' आणि 'देस्त्रा' मध्ये चुकतात. दोन्ही द ने सुरू होतात, दोन्हींत र आणि त आहेत, आणि घाईत 'द्रीत्तो' उजवीकडे वाटतो. पहिल्या स्वरावर कान ठेवा : ई म्हणजे सरळ, ए म्हणजे उजवीकडे. शिवाय 'उजवीकडे'च्या आधी 'आ' असतो, 'सरळ'च्या आधी 'सेम्प्रे'. तोस्कानामध्ये (टस्कनीत) 'द्रीत्तो' ऐवजी 'दिरीत्तो' ऐकू येईल, अर्थ तोच. शंका आली की लगेच विचारा : 'आ देस्त्रा ओ सेम्प्रे द्रीत्तो?'

हा निवडीचा प्रश्न फार उपयोगी आहे आणि तुलनेची रूपं इथेच खरी कामाला येतात. 'मला समजलं नाही' म्हटलं की समोरचा तेच सगळं जास्त मोठ्याने पुन्हा सांगतो. त्याऐवजी दोन पर्याय द्या : 'प्यू आव्हान्ती ओ प्यू इन्द्येत्रो?' (आणखी पुढे की मागे?), 'प्रीमा ओ दोपो इल पोन्ते?' (पुलाच्या अलीकडे की पलीकडे?), 'ए प्यू व्हिचीनो आल्ला क्येज़ा ओ आल पोन्ते?' (चर्चला जास्त जवळ की पुलाला?). उत्तर एका-दोन शब्दांत येतं आणि ते समजतंच. 'प्रीमा' नंतर 'दी' लागतो आणि 'दोपो' नंतर काहीच लागत नाही, म्हणून 'प्रीमा देल पोन्ते' पण 'दोपो इल पोन्ते'.

'प्यू आव्हान्ती', 'प्यू इन ला' (आणखी पलीकडे), 'प्यू सू' (आणखी वर), 'प्यू जू' (आणखी खाली) यांना 'कशापेक्षा' हे जोडावं लागत नाही. ते बोलणाऱ्याच्या जागेपासून, किंवा आत्ताच उल्लेख झालेल्या खुणेपासून पुढचं अंतर सांगतात. 'सिग्नल'नंतर 'उन पो प्यू आव्हान्ती' आलं तर ते सिग्नलच्या पुढे, तुमच्यापासून थोडं पुढे नव्हे. अनेकांची फेरी इथेच फुकट जाते.

आज्ञार्थी रूपांची एक उलटी जोडी आहे. 'आरे' ने संपणाऱ्या क्रियापदांचं आदरार्थी रूप 'ई' ने संपतं आणि एकेरी रूप 'आ' ने : जीरी आणि जीरा, आत्त्राव्हेर्सी आणि आत्त्राव्हेर्सा (ओलांडा, ओलांड). 'एरे' आणि 'ईरे' वाल्यांचं बरोबर उलटं : प्रेन्दा आणि प्रेन्दी, शेन्दा आणि शेन्दी (उतरा, उतर). जाण्याचं आदरार्थी 'व्हादा', एकेरी 'व्हाई'. तुम्हाला फक्त समजून घ्यायचं असेल तर दोन्ही ओळखता आली की झालं. रस्ता सांगायचा असेल तेव्हा आदरार्थी वापरा.

'ला सेकोन्दा' एवढंच ऐकू आलं आणि पुढे नाम नसलं तर ती गल्ली किंवा रस्ता समजा, कारण 'व्हीआ', 'स्त्रादा', 'त्राव्हेर्सा' हे सगळे स्त्रीलिंगी. 'आल सेकोन्दो' आलं तर पुढे 'सेमाफोरो' किंवा 'इन्क्रोच्यो' (चौक) असतो.

प्रश्न : 'स्टेशन दोन किलोमीटर आहे' याचं भाषांतर चूक ठरलं. का? (पलासिया)

कारण मधला 'आ' राहिला. 'ला स्तात्सिओने ए आ दुए कीलोमेत्री दा क्वी', स्टेशन इथून दोन किलोमीटरवर आहे. आपला 'वर' म्हणजे तो 'आ'. 'दिस्ता' हे क्रियापद वापरलं तर 'आ' नको : 'दिस्ता दुए कीलोमेत्री'. वेळेतही असंच : 'आ द्येची मिनूती आ प्येदी', पायी दहा मिनिटांवर.

आकड्याच्या आधी 'प्यू' आला तर नेहमी 'दी' : 'प्यू दी दुए कीलोमेत्री', दोन किलोमीटरपेक्षा जास्त. 'प्यू ओ मेनो दुए कीलोमेत्री' म्हणजे मात्र साधारण दोन. 'ओ मेनो' ऐकायचं राहिलं की अंतर वाढतं. 'नोन दिस्ता के दुए कीलोमेत्री' ऐकून 'नाही' असा अर्थ घेऊ नका : 'नोन... के' म्हणजे फक्त. फक्त दोन किलोमीटर आहे.

गाडीतला आवाज 'त्रा दुएचेन्तो मेत्री' म्हणतो, म्हणजे आतापासून दोनशे मीटरनंतर. 'आल्ला रोतोन्दा, प्रेन्दी ला सेकोन्दा उशीता' म्हणजे गोल चौकात दुसरी वाट घे. फोन एकेरीत बोलतो, म्हणून 'प्रेन्दा' नाही, 'प्रेन्दी'.

वेळ लागण्याचं क्रियापद मराठीसारखंच वचन बदलतं : 'ची व्हुओले उनोरा' (एक तास लागतो), 'ची व्होल्योनो व्हेन्ती मिनूती' (वीस मिनिटं लागतात). रोममध्ये फ्युमिचीनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला न थांबता जाणाऱ्या लेओनार्दो एक्सप्रेसला ३२ मिनिटं लागतात : 'ची व्होल्योनो त्रेन्तादुए मिनूती'. मला किती लागतात हे सांगायचं असेल तर 'ची मेत्तो'.

पाटीवर '१,५' दिसलं तर ते दीड आहे. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात. पाट्यांचे रंगही बघा : हिरवी महामार्गाची, निळी शहराबाहेरच्या इतर रस्त्यांची, पांढरी शहरातल्या ठिकाणांची. गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या शहरांच्या मध्यभागात 'त्सोना आ त्राफ्फीको लिमितातो' असते. परवान्याशिवाय आत गेलं की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड होतो. अशा वेळी 'ला स्त्रादा प्यू ब्रेव्हे' निवडू नका.

प्रश्न : 'व्हिचीनो' कधी बदलतो आणि कधी नाही? (बंगाली चौक)

'आहे'च्या पुढे विशेषण म्हणून आला की नामाप्रमाणे बदलतो : 'ला स्तात्सिओने ए व्हिचीना', 'इ नेगोत्सी सोनो व्हिचीनी'. 'स्टेशनाजवळचं घर' अशा जोडणीत तो शब्दयोगी असतो आणि बदलत नाही : 'ला कासा व्हिचीनो आल्ला स्तात्सिओने'. राहण्या-जाण्याच्या क्रियापदांबरोबरही बदलत नाही : 'आबीता लोन्तानो'.

जाता जाता, 'स्तात्सिओने' मधला त्स म्हणजे 'चमचा' मधला च, 'चिंच' मधला नव्हे. 'मेद्झो कीलोमेत्रो' (अर्धा किलोमीटर) मधला द्झ म्हणजे 'जागा' मधला ज. मराठी माणसाला हे दोन्ही उच्चार जन्मापासून येतात. हिंदीच्या सवयीने ते घालवू नयेत.

प्रश्न : नकाशावर जवळ दिसणारी जागा चालायला निघालं की संपतच नाही, असं तिथल्या गावांबद्दल ऐकतो. हे सांगायचं कसं? (महू)

'ए प्यू लोन्तानो दी क्वान्तो सेम्ब्री', दिसतं त्यापेक्षा लांब आहे. 'पेक्षा'नंतर अख्खं वाक्य आलं की 'दी क्वान्तो' आणि पुढे क्रियापदाचं संशयार्थी रूप. 'वाटलं होतं त्यापेक्षा' साठी 'दी क्वान्तो पेन्सास्सी'. बोलीत 'दी क्वेल के सेम्ब्रा' हे सोपं रूप चालतं आणि सुरुवातीला तेच वापरा.

असं होण्याचं कारण चढ. मध्य इटलीतली बरीच जुनी गावं टेकडीवर आहेत आणि रेल्वे खालून जाते. ओर्व्हिएतोला स्टेशनासमोरून वर जाणारी फुनिकोलारे, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. सिएनाला स्टेशनापासून वर शहराकडे जाणारे सरकते जिने आहेत. अशा ठिकाणी कुणी 'इन लीनेआ दारिया' म्हणून अंतर सांगितलं तर ते हवाई अंतर आहे, पायांचं नव्हे. लगेच विचारा : 'ए आ प्येदी?'

प्रश्न : व्हेनेत्सिआ (व्हेनिस) आणि फिरेन्त्से (फ्लोरेन्स) इथे घरांचे नंबर लागत नाहीत असं का म्हणतात? (छावणी)

फिरेन्त्सेत दोन मालिका आहेत. दुकानं-रेस्टॉरंटांचे नंबर लाल, घरांचे काळे किंवा निळे. लालच्या पुढे पत्त्यात 'र' साठीचं अक्षर लिहितात. एकाच रस्त्यावर लाल १२ आणि काळा १२ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात, म्हणून पत्ता उतरवून घेताना ते अक्षर गाळू नका.

व्हेनेत्सिआत नंबर रस्त्याप्रमाणे नाहीत, तर शहराच्या सहा भागांपैकी, म्हणजे सेस्त्येरींपैकी, एकेका भागाप्रमाणे चालतात आणि हजारांत जातात. तिथे नंबरवरून जवळ-लांब ठरत नाही. जवळचा पूल, चर्च किंवा 'काम्पो' (चौक) विचारून घ्या आणि भिंतीवरच्या रिआल्तो, सान मार्को, फेर्रोव्हीआ (रेल्वे) या पिवळ्या पाट्यांवर चाला. तिथे गल्लीला 'काल्ले' म्हणतात आणि पाण्याच्या कडेच्या वाटेला 'फोन्दामेन्ता'.

प्रश्न : इंदूरमध्ये इटालियन बोलायला कुणी नाही. सराव कसा करावा? (स्नेहलतागंज)

ज्या जागांची अंतरं तुम्हाला न विचारता माहीत आहेत त्यांचीच वाक्यं करा. भूगोल आठवावा लागला नाही की सगळं लक्ष 'दी', 'दा', 'के' वर राहतं. खालची पाच वाक्यं आधी स्वतः करून मग उत्तरं बघा : इंदूरपासून महू देवासपेक्षा जवळ आहे. उज्जैन इंदूरपेक्षा उत्तरेला आहे. भोपाळ इंदूरपासून दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर आहे. महू उज्जैनपेक्षा इंदूरला जवळ आहे. राजवाड्यावरून सराफ्यात मोटारीपेक्षा पायी लवकर पोहोचता येतं.

उत्तरं. 'दा इंदोर, महू ए प्यू व्हिचीना दी देवास.' 'उज्जैन ए प्यू आ नोर्द दी इंदोर' : दिशेच्या तुलनेत 'प्यू' नंतर 'आ' राहतो आणि पेक्षासाठी 'दी'. 'भोपाल ए आ प्यू दी चेन्तोचिन्क्वान्ता कीलोमेत्री दा इंदोर' : इथे 'आ', 'दी' आणि 'दा' तिघेही आपापल्या जागी आहेत, म्हणून हे वाक्य दहादा म्हणण्यासारखं आहे. चौथ्याची दोन उत्तरं. महूला इंदूर आणि उज्जैन यांतलं कोणतं जवळ, असं म्हणायचं असेल तर 'महू ए प्यू व्हिचीना आ इंदोर के आ उज्जैन'. इंदूरला महू आणि उज्जैन यांतलं कोणतं जवळ, असं म्हणायचं असेल तर 'महू ए प्यू व्हिचीना आ इंदोर दी उज्जैन'. पाचवं : 'दा राजवाडा आ सराफा सी फा प्रीमा आ प्येदी के इन माक्किना.' दोन्ही बाजूंना शब्दयोगी आहे, 'आ' आणि 'इन', म्हणून मध्ये 'के'.